जास्तीची वस्तू

तुर्भ्याच्या आमच्या शेडमध्ये एअर कंडिशनर फक्त कॉम्प्युटरला होता, माणसांना नव्हता. साल १९८७. सितारामने एका नव्या कॉम्प्युटर-भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतल्या सूचना वाचून चालवणारा प्रोग्राम, बनवला होता आणि त्याची माहितीपुस्तिका लिहिणं माझं काम होतं. या बाबतीत मी खडूस. प्रत्येक उदाहरण मशीनवर चालवायचं आणि छापून येईल तेच पुस्तिकेत घ्यायचं, हा नियम मीच घातला होता.

त्या दिवशी मेथडचं, म्हणजे ठरलेलं एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, प्रकरण चाललं होतं. मेथडला एकच गाठोडं देतात. इंटरप्रिटर ते सोडतो आणि आतल्या वस्तू ओळीने एकेका जागी ठेवतो. वस्तू कमी पडली तर जागा रिकामी राहते, जास्त झाली तर ती वस्तू टाकून देतो. हे वाक्य मी सकाळीच लिहून ठेवलं होतं.

उदाहरणाला मी घरचीच नावं घातली: मी गंगाराम, बायको सरस्वती, सहा वर्षांची मुलगी पुतळा. सकाळी मी निघताना पुतळाने पिवळ्या फ्रॉकच्या खिशात मूठभर चिंचोके कोंबले होते. खिसा फाटेल म्हणून मी तिला उगाचच रागावलो होतो.

माणसं तीन, जागा चार. चौथी रिकामी यायला हवी होती. तिथे छापून आलं, यशोदा.

सितारामने तासभर सगळा कोड चाळला. "गंगारामभाऊ, हे नाव मी कुठंच लिहिलेलं नाय," तो म्हणाला. "तुमी घरच्यांचं उदाहरण काढून टाका ना."

मी ऐकलं नाही. चौथी जागा खोडली आणि तेच गाठोडं पुन्हा दिलं. तीन माणसं, तीन जागा. आता चुकायला वावच नव्हता.

प्रिंटर कुरकुरला. गंगाराम. सरस्वती. यशोदा.

खाली, टाकून दिलेल्या वस्तूंच्या ओळीत, पुतळा.

मी घाबरलो. रिक्षा करून भर दुपारी वाशीला घर गाठलं.

सरस्वतीने दार उघडून तोंडावर बोट ठेवलं. "हळू. यशोदा आत्ताच झोपलीय."

पुतळा कुठे आहे, मी विचारलं. कोण पुतळा, तिने विचारलं, अगदी सहज. मग गॅलरीतून एक पिवळा फ्रॉक आणून माझ्या हातात दिला.

"वाऱ्याने उडून आलाय कोणाचा तरी. खाली विचारून या जरा."

फ्रॉक कोमट होता, आत्ताच अंगातून काढल्यासारखा. खिशात चिंचोके होते. खिसा फाटला नव्हता.