आठवा थर्मामीटर

थर्मामीटर खोटं बोलतो का, हा प्रश्न त्या हिवाळ्यात कृत्तिकेच्या घरात रोज सकाळी सात वाजता निघे आणि उत्तर सापडायच्या आत चहा गार होई.

गाव निफाडजवळचं, वर्ष २०५८. कृत्तिकेचे आजोबा, म्हणजे आबा, द्राक्ष संशोधन केंद्रात हवामानशास्त्रज्ञ होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी अंगणातल्या थर्मामीटरचा सातचा आकडा ते रोज वहीत लिहीत. एकेचाळीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. आत्याच्या लग्नाचा मुहूर्त सात वाजून एक मिनिटाचा निघाला, तेव्हा त्यांनी भटजींना थांबवलं होतं. भटजी थांबले होते.

यंदा मात्र आबांना थंडी सोसेना. थर्मामीटर नऊ अंश दाखवी आणि आबा म्हणत, चारच्या वर असणं शक्य नाही. त्यांनी नवा थर्मामीटर आणला. तोही नऊच म्हणाला. असं करत करत अंगणात सात थर्मामीटर ओळीने टांगले गेले. सातही जण नऊ म्हणत, आबा एकटे चार म्हणत. त्यांच्या मते सगळे एकाच कारखान्यातले असल्यामुळे एकमेकांना सांभाळून घेत होते.

कृत्तिकेने गुपचूप वही चाळली. गेल्या वीस वर्षांत हिवाळे उलट दीड अंशाने उबदार झाले होते. हे तिने आबांना सांगितलं नाही. अकराव्या वर्षी एवढी अक्कल आलेली असते.

एका गुरुवारी ती आबांबरोबर अंगणात गेली. परत आल्यावर आबांना पेन धरता येईना, बोलणंही जड येऊ लागलं. बाबांनी त्यांना घोंगडीत गुंडाळलं आणि भाऊसाहेबाला हाक मारली.

भाऊसाहेब हा द्राक्षबागेचा यंत्रमानव. पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवून वेली वाचवायच्या, हे त्याचं काम. गावात ज्याच्यावाचून अडतं त्याला भाऊसाहेब म्हणतात, म्हणून त्यालाही. माणसांतलं त्याला बेताचंच कळे. त्याच्या यादीत आबा ‘वेल क्रमांक ४०१३, वय अठ्ठ्याहत्तर, खोड जुनं, फळ नाही’ असे होते. आबांनी याचा राग मानणं दोन वर्षांपूर्वी सोडलं होतं.

त्याने आबांच्या कानात मोजणी नळी धरली. शरीराच्या आतलं तापमान पस्तीस पूर्णांक दोन. ते सदतीसच्या आसपास हवं, आणि पस्तीसच्या खाली गेलं की हृदय आणि मेंदू मंदावू लागतात. गरम दूध पोटात गेल्यावर तासाभराने आबा नीट बोलू लागले, आणि पहिलं वाक्य थर्मामीटरच्या कारखान्याबद्दलच बोलले.

मग भाऊसाहेबाने भिंतीवर एक चित्र पाडलं. सकाळी अंगणात उभ्या असलेल्या दोघांचं उष्णताचित्र (ऊब लाल आणि गारवा निळा दाखवणारा फोटो) होतं ते. कृत्तिकेचे हात निळे होते, आबांचे नारिंगी. तिला हायसं वाटलं. आबांचे हात तर तिच्यापेक्षा गरम होते.

तीच तर पंचाईत आहे, असं भाऊसाहेबाचं म्हणणं पडलं. थंडी लागली की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात (आक्रसून अरुंद होतात), म्हणजे गरम रक्त आत राहतं. कृत्तिकेचं शरीर दारं पटकन लावून घेतं. वय वाढलं की ही दारं उशिरा लागतात आणि घट्ट लागत नाहीत. आबांच्या हातांवर दिसत होती ती आतून गळून चाललेली ऊब. त्यातच कातडीखालची चरबी पातळ होते. ऊब तयार करतात ते स्नायू कमी होतात. चयापचय (अन्नापासून शरीराने ऊर्जा बनवणं) मंदावतं. चूल लहान आणि दारं उघडी, मग नऊ अंशसुद्धा चारसारखे बोचतात.

आबांनी चित्रातल्या आपल्या नारिंगी हातांवर बोट टेकवलं.

“म्हणजे सातही बरोबर होते,” ते म्हणाले. “आठवा बिघडला.”

“बिघाड नाही,” भाऊसाहेब म्हणाला. “जुन्या वेलीचं असंच असतं. आम्ही ती झाकतो.”

कृत्तिकेने सुचवलं की आकडा उन्हात, नऊ वाजता घ्यावा. आबा हसले. सातचा आकडा नऊला घेतला तर तो सातचा राहत नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. बाबाही त्यांना पुरते ओळखून होते. घरात ठेवलं तर आबा सातला अंगणात जाणारच. म्हणून ठरलं की यापुढे चारही थंडीचे महिने त्यांनी चिपळूणला आत्याकडे राहायचं. तिकडे हिवाळा नावालाच येतो.

जाताना आबांनी वही कृत्तिकेच्या हातात दिली आणि काहीच सूचना केली नाही. आबा सूचना करत नाहीत, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. गाडी गेल्यावर ती मोरीत जाऊन रडली आणि नळ चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी सातला तिने आकडा घेतला आणि चिपळूणला फोन लावला.

“सात पूर्णांक सहा, आबा.”

“आणि तुला थंडी किती वाटली?”

एकेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता. कृत्तिकेने विचार केला.

“फार नाही. मी स्वेटर काढून उभी होते.”

“ते पण लिहीत जा,” आबा म्हणाले. “शेजारी नवा रकाना आख. वाटलेली थंडी. रोज लिही. तू माझ्याएवढी होशील तेव्हा कुणाकडे तरी साठ-सत्तर वर्षांच्या नोंदी असतील. दारं कधी ढिली पडायला लागतात ते आधीच कळेल आणि वेळीच झाकून घेता येईल. मग कुणाला घर सोडावं लागणार नाही.”

कृत्तिकेने पट्टी घेतली आणि रकाना आखला. रेघ थोडी वाकडी आली.