शहर न सोडण्याचं कारण

“फॉर्म भरला की चहा मिळतो का?”

“नाही. पेन मात्र परत द्यावं लागतं,” कादंबरी मान वर न करता म्हणाली. मग मान वर केली... आणि जरा उशिरानेच खाली घातली.

कोथरूडमधल्या एका आयटी इमारतीच्या कँटीनमध्ये, हात धुवायच्या बेसिनशेजारी तिचं टेबल होतं. मोबाइलची ॲप्स लिहिण्याच्या कॉटलिन या भाषेला कोणत्या शहरात किती मागणी, किती पगार, याचा अहवाल तिची कंपनी दरवर्षी काढायची. लिंक पाठवली तर कुणी उघडत नाही, म्हणून कागदी फॉर्म. त्यावर नाव लिहायचं नाही. फक्त गाव, अनुभव, पगार, शहर सोडायची तयारी आणि त्याचं कारण.

त्याने उभ्या उभ्या फॉर्म भरला, डब्यात टाकला आणि पेन खिशाला लावून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी तो पेन परत द्यायला आला — पेन न घेता. तिसऱ्या दिवशीही तसंच. नाव ऋषी. लोणी काळभोरहून रोज मोटारसायकलने यायचा. केसांवर हेल्मेटची खूण असायची.

“आज तरी आणलंत?”

“उद्या नक्की.”

“आमच्या शनिवार पेठेत याला चोरी म्हणतात.”

“आमच्या लोणीत ओळख वाढवणं म्हणतात.”

ती हसली नाही. फॉर्मचा गठ्ठा सरळच होता, तो तिने पुन्हा सरळ केला.

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

“बंगळुरूची ऑफर आलीये. वर्षाला सहा लाख जास्त. तुमचे आकडे काय म्हणतात... जाऊ?”

गेल्या वर्षीचा तक्ता तिच्यासमोरच होता. पुण्यातली मागणी वाढत होती, पण पगारात बंगळुरू बरंच पुढे होतं. तक्त्यावर हात ठेवावा, पुण्याच्या बाजूने दोन शब्द जास्त बोलावेत, असं तिला क्षणभर वाटलं. पण तो विश्वासाने विचारत होता.

“जा म्हणतात.”

“आणि तुम्ही?”

“मी... मी फक्त आकडे गोळा करते.”

तो मान हलवून निघून गेला. मग दोन दिवस, ती टेबलाशी असताना तरी, तिकडे फिरकलाच नाही.

शुक्रवारी टेबल उचलायचं होतं. डबा रिकामा करताना तिच्या हाती लोणी काळभोरचे दोन फॉर्म लागले. दोन्हींवर एकच तिरकं अक्षर. पहिल्यावर, शहर सोडायची तयारी? ‘हो.’ दुसऱ्यावर, ‘नाही.’ आणि खाली कारणाच्या रकान्यात — ‘एक पेन परत करायचं राहिलंय.’

तो कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. तिने दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले.

“एका माणसाचे दोन फॉर्म चालत नाहीत. एक रद्द करावा लागेल.”

“पण फॉर्मवर तर नाव नसतं?”

“लोणी काळभोरचा एकच माणूस आहे माझ्याकडे.” बोलून गेल्यावर तिचे कान तापले.

ऋषीने खिशातलं पेन काढून पुढे केलं. “सहापर्यंत बंगळुरूला कळवायचंय. हे ठेवून घेतलंत, तर दुसरा रद्द करा. माझ्याकडे कारणच उरत नाही.”

तिने पेन घेतलं. त्याचा चेहरा उतरला.

तिने पहिल्या फॉर्मवर आडवी रेघ मारली, टोपण लावलं आणि पेन पुन्हा त्याच्या खिशाला अडकवलं.

“उद्या आणा.”

“उद्या? टेबल तर आज उचलताय.”

“घरी आणा. शनिवार पेठेत.” ती थांबली. “तिथे चहा मिळतो.”