गोट मनी शे

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसभावावर, हितेंद्रवर, गुदरलेली आहे. हसायचं तर हसा.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार. दोंडाईच्यातलं एक वाचनालय. हितेंद्रच्या पहिल्या कथासंग्रहाचं प्रकाशन होतं.

कथा त्याच्या नव्हत्याच.

सोनगीरची झुंबरबाई गोष्टी सांगायची. लोक हातातलं काम टाकून ऐकत बसायचे. हितेंद्रने त्या फोनवर रेकॉर्ड केल्या. "मना नाववर छाप, भाऊ," माझ्या नावावर छाप, एवढंच म्हातारी तिच्या अहिराणीत म्हणाली होती.

"हो अक्का," तो म्हणाला.

थंडीत झुंबरबाई वारली. हितेंद्रने सगळी रेकॉर्डिंग एआयला दिली. एआयने तिच्याच धाटणीत पुस्तकभर कथा लिहून दिल्या. मुखपृष्ठावर नाव मात्र... एकट्या हितेंद्रचं.

म्हातारीची मुलगी सुंदरबाई घरी आली. "भाऊ, मनी मायनं नाव कोठे शे?"

"हे मशीनने लिहिलंय. तुझ्या आईचा काय संबंध?"

ती परत गेली. प्रकाशनाला मात्र आली. शेवटच्या रांगेत बसली.

हितेंद्र माईकपुढे उभा राहिला. वाचू लागला.

आवाजच फुटेना.

ओठ हलत होते... आणि पुस्तकांच्या कपाटांमागून एका म्हातारीचा घोगरा आवाज येत होता. तीच कथा सांगत.

लोकांना वाटलं, रेकॉर्डिंग लावलंय. टाळ्या पडल्या.

सुंदरबाई ताडकन उठली. "माय...!"

ग्रंथपाल रुपचंद कपाटांमागे धावला.

तिथे कोणीच नव्हतं.

आवाज थांबला. पण हितेंद्रच्या अगदी कानाशी... कोणीतरी बोललं.

"ती गोट मनी शे, भाऊ. आते तुनी गोट मी सांगसु."

तेव्हापासून ती त्याची गोष्ट सांगतेय. फक्त त्यालाच ऐकू येतं. त्याच्या लहानपणापासून सुरुवात केली तिने. आणि जे सांगून होतं, ते त्याच्या डोक्यातून पुसलं जातं.

आधी शाळा गेली. मग वडील. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून त्याने मला विचारलं, "हे कोण रे?"

त्याची बायको मोहिनी सुंदरबाईच्या पाया पडली. पुस्तक नव्याने छापलं, झुंबरबाईच्या नावावर.

आवाज थांबला नाही.

"मी काय करू, ताई?" सुंदरबाई म्हणाली. "माय गोट अर्धी सोडत नई."

गेल्या आठवड्यात मी त्याला भेटलो. भिंतीला कान लावून बसला होता.

"कुठवर आली?" मी विचारलं.

"लग्नापर्यंत... पाचोऱ्याच्या."

मोहिनीने त्यांच्या लग्नाचा अल्बम काढून मला दाखवला. वरातीत घोड्याचा लगाम धरून मीच उभा आहे. तोंडभर हसतोय.

मलाही ते लग्न आठवत नाही.