भर जुलैत गोचीड

टक्!

कपडे धुण्याच्या खोलीतली झडप वाजली आणि माझ्या हातातला ओला मोजा हातातच राहिला. दाराच्या तळाशी कुत्र्यासाठी कापलेली ती झडप. बिस्किट गेल्यापासून तिच्यातून कुणी आत आलं नव्हतं.

"आई... बिस्किट?" पिप्पा कुजबुजली.

बिस्किट नव्हता. करड्या ठिपक्यांची, अनोळखी कुत्री होती. मागचे पाय झोकांड्या खात होते. भुंकायला तिनं तोंड उघडलं – आणि नुसता घोगरा श्वास बाहेर आला.

तो आवाज मी ओळखत होते.

"ऑलिव्ह! अगं, ऑलिव्ह –" अंगणातून एकजण धावत आला. उंच. केसांत वॉटलच्या फुलांची पिवळी पूड, एक बूट पायात, दुसरा हातात. "माफ करा हं. नदीवरून सुटली ती. बुटात चिखल, म्हणून मी..."

"हिला गोचीड लागलीय," मी म्हणाले.

आणि वाट पाहिली. आता हा हसणार. गेल्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, गावातले डॉक्टर असेच हसले होते. आमच्याकडे उन्हाळाभर रोज संध्याकाळी कुत्र्याच्या अंगावरून बोटं फिरवायची, केसांत गोचीड शोधायची. इथली गोचीड विषारी; आधी कुत्र्याचे पाय लुळे पडतात, मग आवाज आणि श्वास जातो. थंडी पडली की सगळेच ते सोडून देतात. डॉक्टरसुद्धा. "हिवाळ्यात कुठली गोचीड? पोट बिघडलंय," म्हणाले, सुई टोचली, केसांत बोटही घातलं नाही. सकाळी बिस्किट उठलाच नाही. त्याच्या केसांतली गोचीड मग मलाच सापडली. "व्हायचं ते होतंच," एवढंच बोलले ते. तेव्हापासून जनावरांच्या डॉक्टरची पायरी चढायची नाही, असं ठरवूनच टाकलं होतं मी.

हा हसला नाही. गुडघ्यांवर बसला.

"कुठून सुरू करू?"

"नाकापासून. केस उलटे सारत. घाई नको."

पिप्पानं वाडग्यात पाणी आणलं.

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"तिला आत्ता गिळता येत नाही, राणी," तो मऊ आवाजात म्हणाला. "पाणी छातीत जाईल."

आमची बोटं कानामागच्या दाट केसांत पोचली. बाहेर नदीवरून धुकं सरकत होतं, खिडकीत हिवाळ्याचं मधाच्या रंगाचं ऊन...

"सापडली!"

"ते माझं बोट आहे," मी म्हणाले.

"अं... हो. तरीच." त्याचे कान लाल झाले. "तरीच मऊ लागलं."

खरी गोचीड थोडी खाली होती. राखाडी, टरारलेली. त्यानं ती इतक्या सफाईनं काढली की मी चमकले.

"कोण आहात तुम्ही?"

"हेमिश. नवा डॉक्टर... जनावरांचा."

मी हात मागे घेतले.

"मग तुम्हीच बघा. मला काय विचारता?"

"मी होबार्टचा, पार दक्षिणेकडचा. तिकडे गोचिडीची ही जात नाही. मी वाचलंय, तुम्ही पाहिलंय." त्यानं ऑलिव्हला उचललं. "सकाळी पाय अडखळत होता तिचा. थंडीनं असेल, म्हटलं. चुकलं माझं."

चुकलं माझं. वर्षभर हे दोन शब्द कुणाकडून तरी ऐकायचे होते मला.

"विषावरचा उतारा दवाखान्यात आहे. पण गाडी चालवताना हिचा श्वास कोण बघणार?" तो दारात थांबला. "याल?"

मी पिप्पाला कोट घातला.

वाटभर ऑलिव्हचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या त्या पायरीशी माझा पाय अडलाच. त्यानं दार धरून ठेवलं. मी चढले.

ऑलिव्ह वाचली. आणि मग रोज संध्याकाळी, भर थंडीत, तो तिला घेऊन आम्हा मायलेकींच्या ओट्यावर यायचा. गोचीड शोधायला म्हणे! चार हात, एक कुत्री.

"किती हळू?" मी म्हणायचे.

"घाई नको, असं तूच शिकवलंस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणास ठाऊक.

काल त्याची बोटं मध्येच थांबली. "मेरिन... माझ्या हातून कधी काही मरणार नाही, असं नाही म्हणवत मला. पण मी नीट बघेन. नाही कळलं तर, नाही कळत म्हणेन."

"हे कामाचं बोलतोयस, की..."

"तेच तर. वेगळं काढता येत नाहीये आता."

मी ऑलिव्हच्या केसांतूनच त्याचा हात धरला. या खेपेला चुकून नव्हे. मॅगपाय पक्षी गात होते, आणि मला कितीतरी दिवसांनी हलकं, तरंगल्यासारखं वाटत होतं.

पिप्पा आम्हा दोघांकडे टक लावून बघत होती. मग माझ्या बाहीला धरून तिनं हळूच विचारलं,

"आई, तुला हा आवडायला लागलाय ना... मग आता हासुद्धा बिस्किटसारखा अचानक जाणार का?"