चुकीच्या वेळचं ‘साधू’

“साधू, साधू, साधू!” मी मोठ्यानं म्हणाले... आणि बुद्धविहारातले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

वंदना संपली की सगळ्यांनी मिळून ‘साधू’ म्हणायचं. म्हणजे छान झालं, मान्य आहे. आता अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या बाईला ध्यानात डुलकी लागणारच ना! दचकून जागी झाले, वाटलं, वंदना आत्ताच संपली. ती कधीच संपली होती. सगुणाबाई माईकवर सांगत होत्या, “आपले पाली भाषेच्या वर्गाचे सुनीलसर रेल्वेत लागले. आता भुसावळला चालले.”

आणि त्यावर मी एकटीनंच साधू म्हटलं. धरणीमाते, पोटात घे गं!

बाहेर चप्पल शोधत होते, तर हा समोर. सर कसला, माझ्याच वयाचा.

“जयभीम, ज्योत्स्ना. एवढी घाई झाली होती मला घालवायची?”

“झोपेत होते रे.”

“माझ्या वर्गातही झोपतेस. इतकं रटाळ शिकवतो मी?”

“तसं नाही...” खोटं रचायलाही अंगात त्राण नव्हतं. “घरी डोळ्याला डोळा लागत नाही. इथे तुझा आवाज कानावर आला, की बरं वाटतं... आणि मग झोपच येते.”

तो लाजला. चक्क लाजला!

“मग चल ना भुसावळला. म्हणजे... लग्न करून. तुला चालणार असेल तर.”

किती आवडायचा मला हा माणूस! रविवारची वाट मी त्याच्यासाठीच बघायचे. पण वडील गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. ‘आई माझ्याकडेच राहील’ म्हटल्यावर चहा अर्धा टाकून उठलेली स्थळं मी पाहिलीत. आता याचाही चेहरा तसाच पडलेला बघायचा? नको वाटलं.

“आईला सोडून मी कुठेही येणार नाही,” मी म्हणाले. “आणि समजूत घालू नकोस. दमलेय मी, सुनील... फार दमलेय.”

“तुला एकटीला कोण बोलावतंय?” तो म्हणाला. “परवा गंगापूर रोडला दवाखान्यात तुझ्या आई भेटल्या. आधी त्यांनाच विचारलं, याल का आमच्याबरोबर? म्हणाल्या, येईन, पण तिकडचं ऊन लय वाईट. आधी कूलर घे.”

मी पायरीवरच बसले आणि रडायला लागले. तो आपला घाबरून उभा.

“मोठा घे,” मी कसंबसं म्हटलं. “तिघं आहोत.”