वजा केलेला आवाज

मोबाईलच्या लहरींतून गोंगाट गाळणं हे माझं काम. टॉवरची लहर डोंगरावर आपटते आणि क्षणाच्या बारीकशा अंशानं उशिरा पोचते. ती ओळखायची आणि वजा करायची. येडशीच्या नव्या टॉवरचं दुखणंही तेच असेल, असं मला वाटलं होतं. दोघं बोलत असताना मध्येच तिसरा माणूस बोलतो, अशी तक्रार होती.

दुपारी टॉवरच्या सावलीत हरणाबाई मेंढरं घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसून लॅपटॉप उघडताच त्यांनी सुनेला फोन लावला आणि तो माझ्या कानाशी धरला. सून बोलत होती. तिच्या आवाजाखाली एक पुरुष धापा टाकत होता.

"हरणे, पान लागलंय मला. लवकर ये."

"आमचे मालक," हरणाबाई म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात हितंच साप चावला. फोन लावत लावतच गेले. तवा रेंज न्हवती. माणूस गेल्यावर टॉवर आला."

"मावशी, लहर वर्षभर भटकत नाही."

"मग ह्ये कोण?"

मी दुपारभर मोजत राहिले. तो आवाज कुठल्याच फोनवरून येत नव्हता. दर वेळी तेच शब्द, त्याच धापा. ऑफिसला कळवलं.

"कारण शोधू नका, काढून टाका," साहेब म्हणाले. "घाटातून अँब्युलन्सला केलेले फोन त्याच्याखाली बुडायलेत."

हरणाबाईंनी माझा हात धरला.

"नगा काढू, म्याडम. ह्येच ऐकाया म्या मेंढरं हिकडं आणते."

"घाटातल्या माणसांचे फोन लागत नाहीत, मावशी."

"आमचा तरी कुठं लागला?"

मी फिल्टर चालू केला.

त्यांनी पुन्हा सुनेला फोन लावला. आवाज स्वच्छ होता. त्या बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग फोन बंद करून पदराच्या गाठीत बांधला.

"लई साफ येतंय आता," त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडे बघवेना. वजा केलेला भाग लॅपटॉपवर वेगळा निघतो. तो तपासायचा म्हणून मी हेडफोन लावला.

तोच पुरुष होता. पण धाप नव्हती. अगदी सावकाश, दबक्या आवाजात तो विचारत होता,

"हरणे, तुझ्याजवळ बसलेली ती बाई कोण हाय?"