वरच्या रांगेतला होकार

सप्टेंबर सरत आला, पर्यटकांच्या बसगाड्या थांबल्या, की एक दिवस आम्ही डबे भरून जुन्या नाट्यगृहाकडे निघतो. तीस वर्षांची रीत. पूर्वी चौघं असायचो: मी, माझा नवरा फोतिस, माझी मैत्रीण इव्हान्थिया आणि तिचा पांदेलिस. या वर्षी तिघंच होतो.

सकाळी खाली किनाऱ्यावर पोहायचं, पाव, टोमॅटो नि खारं चीज खायचं आणि उन्हं तापली की टेकडी चढायची. वर दगडी पायऱ्यांचा पुरातन अर्धगोल आहे. मधल्या गोल दगडावर उभं राहून नुसतं कुजबुजलं, तरी सर्वांत वरच्या रांगेत शब्दन् शब्द ऐकू येतो. दरवर्षी फोतिस तिथून मला काहीतरी विचारायचा आणि मी वरून उत्तर द्यायचे.

गेल्या वर्षी मी वर इव्हान्थियाशी तिच्या सुनेबद्दल बोलत होते. खाली त्याचे ओठ हलताना दिसले. ऐकलं काहीच नव्हतं, तरी हात हलवून ओरडले, "हो, हो!"

त्यानं छातीवर हात ठेवला. केवढा खूश दिसला!

नोव्हेंबरात त्याला झटका आला आणि वाचा गेली. दवाखान्यात मी विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाला होतास रे?" तो नुसता माझा हात दाबत राहिला. अकरा दिवस.

मी कशाला हो म्हटलं, हे कळायचं राहूनच गेलं. या वर्षी गेले ती खरं तर त्याच हुरहुरीनं.

पोहून आल्यावर माझ्या चपला वाळूत वेड्यावाकड्या पडल्या होत्या. फोतिस त्या नेहमी समुद्राकडे तोंड करून ठेवायचा. "उठलीस की विचार करत बसू नकोस, सरळ पाण्यात ये," म्हणायचा. एकट्यानं पोहणं त्याला कधी आवडलं नाही.

इव्हान्थियानं त्या चपलांकडे पाहिलं आणि ती टोमॅटो कापू लागली.

दुपारी मी एकटीच वरच्या रांगेत चढले. चपलांत वाळू खुपत होती, म्हणून त्या काढून मागच्या भिंतीकडे वळवून ठेवल्या. खाली पांदेलिस दगडावर उभा राहिला.

"अर्गिरो, आज बायकोनं अंडी कच्चीच ठेवलीत. तिला सांगू नकोस."

"अरे गाढवा, मी काय बहिरी आहे?" पाइनच्या सावलीतून इव्हान्थिया ओरडली.

मी हसले. पांदेलिसही हसत तिच्याजवळ जाऊन आडवा झाला. मधला दगड उन्हात रिकामा राहिला.

आणि पाइनमधले किरकिरणारे किडे थांबले. सगळे, एकदम.

खाली कुणीतरी घसा खाकरला. दोनदा... फोतिस खाकरायचा तसा.

"अर्गिरो..." आवाज अगदी कानाशी होता. "मला एकट्यानं पोहायला आवडत नाही, ठाऊक आहे ना तुला? मी आधी गेलो, तर वर्षभरात येशील ना माझ्याकडे?"

मी ओठ घट्ट मिटले होते. तरी माझ्याच शेजारून, माझ्याच आवाजात, हसत उत्तर गेलं,

"हो, हो!"

खाली इव्हान्थिया ताडकन उठून बसली.

"कुणाला हो म्हणालीस गं?"

"कुणाला नाही... तुलाच."

चपला घालायला वळले. त्यांची तोंडं समुद्राकडे होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता नोव्हेंबर लागला, पुढच्या आठवड्यात त्याचं वर्ष. चर्चमध्ये वाटायचे गहू इव्हान्थिया उकडणार आहे, मला फक्त त्यात घालायची डाळिंबं सोलायची आहेत.

आमच्या दारापासून पाण्यापर्यंत नऊ पायऱ्या आहेत. गेला आठवडाभर रात्री मी चपला घरात ठेवते, भिंतीकडे वळवून. सकाळी त्या बाहेर असतात, समुद्राकडे तोंड करून, आदल्या दिवसापेक्षा एक पायरी खाली.

आज सातवीवर होत्या. उचलायला वाकले. पायऱ्यांवर दव गार पडलं होतं. चपला मात्र आतून उबदार होत्या, कुणीतरी हातात धरून आत्ताच खाली ठेवल्यासारख्या.